आजीची ओवी, गोंधळीकाकांचं पद आणि तुमचा ड्रमसेट

वाचकाचं पत्र

ताई, पुण्यात आमचा पाच जणांचा बँड आहे. मी गाते, बाकीचे गिटार, बेस, ड्रम आणि कीबोर्डवर. कार्यक्रमात आम्ही दोन लोकगीतं घेतो. एक म्हणजे माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या. सुरुवातीला फोनवर रेकॉर्ड केलेला तिचा आवाज वाजतो, मग आम्ही गाणं उचलतो. दुसरं म्हणजे मराठवाड्यातल्या आमच्या गावच्या गोंधळीकाकांकडून शिकलेलं देवीचं पद. दोन्हींना लोक उठून नाचतात. दिवाळीत गावी गेले तेव्हा आजीला आणि काकांना व्हिडिओ दाखवले. आजी म्हणाली, "चांगलंय, पण पळतंय गं." काका शेवटपर्यंत बघत राहिले आणि म्हणाले, "सगळं झालं, पण देवांना बोलावलंच नाही." पदाआधीचं आवाहन लांबतं म्हणून आम्ही ते कापलंय. त्याआधी पुण्यात एका कार्यक्रमानंतर एक वयस्कर गृहस्थ भेटले होते. "लोकगीतांना हात लावू नका, तुम्ही त्यांची वाट लावता," असं सुनावून गेले. आमचा ड्रमर म्हणतो, म्हाताऱ्या माणसांना बदल आवडत नाही, मनावर घेऊ नकोस. पण माझ्या डोक्यातून ते जात नाही. पुढच्या महिन्यात मोठा कार्यक्रम आहे. ही गाणी काढून टाकू का? ती गायचा आम्हाला हक्क आहे का? पोस्टरवर आम्ही "पारंपरिक" लिहितो, ते पुरेसं आहे का? आणि काकांना पैसे द्यायला गेलो तर त्यांना वाईट तर वाटणार नाही?

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रात तिघांचं म्हणणं आहे. तुमच्या ड्रमरने त्या तिघांना एकाच माळेचे मणी ठरवलंय आणि तूही ते जवळजवळ मान्य करून टाकलंयस. सगळा घोळ तिथे आहे.

कार्यक्रमानंतर भेटलेल्या गृहस्थांचं आधी बघू, कारण त्यात फार अडकण्यासारखं काही नाही. "हात लावू नका" हे त्यांचं म्हणणं सरसकट आहे. त्यातून तुला एकही सूर बदलता येत नाही की एकही ठेका सुधारता येत नाही. लोकगीताला कुणी हातच लावला नसता तर ते तुझ्यापर्यंत आलंच नसतं. तुझ्या आजीने तिच्या आईची चाल जशीच्या तशी ठेवली असेल असं मला वाटत नाही. सासरी आल्यावर तिथल्या बायकांच्या गळ्यातलं वळण तिच्या चालीत मिसळलं असणार. शाहीर साबळ्यांनी "महाराष्ट्राची लोकधारा" रंगमंचावर आणली तेव्हा गोंधळ, वाघ्या-मुरळी, कोळीनृत्य हे सगळं अंगणातून, देवळापुढून उचलून नाट्यगृहात आणलं. तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकांसमोर, ठरावीक वेळेत, दिव्यांच्या प्रकाशात. तोही बदलच होता आणि लहानसहान नव्हता. आज कित्येक मराठी माणसांना गोंधळाची पहिली ओळख त्याच कार्यक्रमातून झालेली आहे. तेव्हा "हात लावायचा की नाही" हा प्रश्न बाजूला ठेव.

आजी आणि काकांची गोष्ट पूर्ण वेगळी आहे. त्यांनी काय म्हटलं ते पुन्हा वाच. "पळतंय." "देवांना बोलावलंच नाही." या दोघांपैकी कुणीही तुला परंपरेचा दम दिलेला नाही. गिटार का घेतली, ड्रम का वाजतोय, अशी तक्रारही केलेली नाही. दोघांनी एकेक नेमकी चूक दाखवली आहे, जशी तालमीत एक कलाकार दुसऱ्याला दाखवतो. तुमच्या बेसवाल्याने "या जागी तू लय वाढवतेस" म्हटलं असतं तर तुम्ही तिथल्या तिथे थांबून ती जागा पुन्हा वाजवून बघितली असती. आजीने तेच म्हटलं, तर त्याला म्हातारपणाचा हट्ट का समजायचं? माझं सगळं सांगणं एवढ्यावर उभं आहे: या दोघांना आशीर्वाद द्यायला बसलेली वडीलधारी माणसं समजू नकोस, त्या गाण्यातले तुझ्याहून मुरलेले वादक-गायक समज आणि त्यांनी सांगितलेली दुरुस्ती कर.

आधी आजीचं बघू. जात्यावरची ओवी कशी चालते हे तिच्यापुढे बसून कधी बघितलंयस का? नुसती ऐकणं वेगळं. बसली नसशील तर घरातलं जातं बाहेर काढायला सांग, आणि एकटी जाऊ नकोस, बँडच्या पाचही जणांना ने. समोरासमोर दोघी बसतात, खुंट्यावर दोघींचे हात. जातं एका लयीत फिरतं असं आपल्याला वाटतं, पण ते घड्याळासारखं फिरत नाही. मूठभर दाणे तोंडात सोडायला एक हात सुटतो, फेरा जरा मंदावतो, पुन्हा जोर लागतो. दाणा कडक असेल तर फेरा जड, पीठ बारीक हवं असेल तर आणखी जड. ओवी या फेऱ्यावर बसलेली असते. बहुतेक ओव्या दोन ओळींच्या. पहिल्या ओळीत एखादं चित्र येतं, माहेरची वाट, दारातली तुळस, भावाची बैलगाडी. दुसऱ्या ओळीत मनातलं निघतं. आणि या दोन ओळींच्या मध्ये जागा असते. पहिल्या ओळीचा अर्धा तुकडा पुन्हा घोळवला जातो, "बाई", "गं", "सांगते तुला" असे शब्द मध्ये येतात. पुस्तकात छापताना हे सगळं गळून पडतं. साने गुरुजींनी आणि नंतर सरोजिनी बाबरांनी ओव्या गोळा करून मोठं काम केलं, पण कागदावर शब्दच उतरतात, हा रेंगाळलेला श्वास उतरत नाही. त्या जागेत गाणारी पुढची ओळ आठवत असते, कधी नवी जुळवत असते, आणि समोरची ती ओळ उचलायला तयार होत असते.

आता तुमचं गाणं कसं चालतं ते आठव. कानात क्लिक ट्रॅक, म्हणजे एकसारखी टिकटिक. चारचे ठोके. पहिली ओळ संपली की बरोबर चौथ्या मात्रेनंतर दुसरी सुरू. मधली जागा ड्रमच्या फिलने, म्हणजे भरणीच्या ठोक्यांनी भरलेली. म्हणजे ज्या जागेत बाई विचार करते ती जागाच तुम्ही काढून टाकली. आजीला हे असं मांडता येणार नाही, पण तिच्या कानाला ते लगेच कळलं आणि तिने त्याला "पळतंय" म्हटलं. तुम्ही टेम्पो कमी करून बघितलात तरीही ते पळणारच, हे लक्षात ठेव. दोष वेगात नाही, मधली जागा बुजवण्यात आहे.

मग करायचं काय? या गाण्यापुरता क्लिक बंद. लय तुझ्या गळ्यातून निघू दे आणि बाकीच्यांनी तुझ्याकडे बघून वाजवायचं. ड्रमरला हे सुरुवातीला नकोसं होईल, कारण मोजायला काही राहत नाही. त्याला सांग की मोजायचं नाही, फेरा धरायचा. बेसवाल्याने जात्याची घरघर नीट ऐकावी. त्या घरघरीला सूर असा नसतो, पण फेऱ्याच्या एका बाजूला ती किंचित दबते आणि पुन्हा मोकळी होते. एकच स्वर धरून ती उघडझाप बेसवर करता आली तर त्याला चार कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरगट) बदलायची गरज उरणार नाही. तसंही ओवीखाली फार कॉर्ड घालू नयेत असं माझं ठाम मत आहे. कॉर्ड बदलली की ऐकणाऱ्याला कळतं की आता काहीतरी भावुक येणार. ओवीची दुसरी ओळ अशी आगाऊ सूचना न देता येते, म्हणून ती लागते. कीबोर्डवाल्याला षड्ज-पंचम धरून बसायला सांग. त्याला कंटाळा येईल, येऊ दे.

नाचणारे लोक नाचायचे थांबतील अशी भीती वाटत असेल तर शेवटच्या दोन ओव्यांना ताल धरा, क्लिक लावा, हवा तेवढा जोर करा. लोक तोवर शब्दांत अडकलेले असतील. सुरुवातीपासूनच नाचायला लावलं तर शब्द कुणाच्याच कानात शिरत नाहीत, आणि मग ती ओवी तुझ्या आजीचीच का हवी होती?

आजीच्या बाबतीत आणखी एक, आणि हे नाजूक आहे. ओव्या पहाटे, घर झोपलेलं असताना म्हटल्या जायच्या. सासूबद्दल, नवऱ्याबद्दल, गेलेल्या लेकराबद्दल जे दिवसा बोलता येत नव्हतं ते जात्यापुढे निघायचं. तू स्टेजवर घेतेस त्यातली एखादी ओवी घरातल्या कुणा खऱ्या माणसाबद्दल असू शकते. कुठली ओवी चारचौघांत म्हणायची आणि कुठली नाही, हे आजीला विचार. "सगळ्या म्हण" असं ती म्हणाली तर उत्तम. एखादी नको म्हणाली तर कारण विचारत बसू नकोस. तिच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजाचंही तेच. नात ऐकतेय म्हणून ती गायली होती. तो आवाज स्पीकरवर शेकडो लोकांपुढे वाजतो, हे तिला ठाऊक आहे का? ठाऊक असेल तर आनंदाने वाजव.

जाता जाता, आजीच्या ओव्यांपुरतं थांबू नकोस. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी पुण्यात राहून जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचा प्रकल्प उभा केला. एक लाखाहून जास्त ओव्या, एक हजाराच्या वर गावं. त्यातल्या बऱ्याच ओव्यांचं ध्वनिमुद्रणही आहे आणि 2017 पासून ग्रामीण भारताबद्दलच्या 'पारी' या संकेतस्थळावर त्या टप्प्याटप्प्याने येत आहेत. तिथे मुळशीची चाल ऐक, मराठवाड्यातली ऐक, मग आजीची चाल कुठे वळते ते तुला जास्त स्पष्ट ऐकू येईल. तिथल्या नोंदी कशा केल्या आहेत तेही बघ. गाणारीचं नाव, गाव, तालुका, जिल्हा. "पारंपरिक" एवढंच लिहून कुणी सुटलेलं नाही. तुझ्या पोस्टरचं उत्तर निम्मं तिथेच आहे.

आता काका.

गोंधळ म्हणजे नुसतं देवीचं गाणं नाही हे तुला माहीत आहेच, पण तुमच्या बाकी मंडळींना बहुधा नसेल. चौक मांडला जातो, कलश ठेवला जातो, दिवटी पेटते, संबळ लागतो, तुणतुणं सूर धरतं, आणि मग नाईक, म्हणजे मुख्य गोंधळी, एकेका देवाला नाव घेऊन बोलावतो. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, पंढरपूरचा विठोबा, आणि शेवटी त्या गावची, त्या घरची दैवतं. गोंधळा या. सगळे आल्यावर पद, मग आख्यान, शेवटी आरती. गोंधळ्याच्या दृष्टीने आवाहन ही प्रस्तावना नाही. ज्यांच्यासाठी गायचं तेच आले नाहीत तर गायचं कुणापुढे?

तुम्ही म्हणाल, आम्ही विधी करत नाही, आम्ही गाणं गातो. मान्य. मग संगीताच्या बाजूनेच बघू. आवाहनात संबळ संथ सुरू होतो आणि प्रत्येक नावागणिक थोडा थोडा चढतो. मागे झीलकरी ओळीचं शेपूट उचलून धरतात. समोर बसलेला प्रत्येक जण आपल्या देवाचं, आपल्या गावाचं नाव कधी येतं याची वाट बघत असतो. ते आलं की तो हात जोडतो आणि तिथून तो कार्यक्रमात सामील होतो. पद सुरू होईपर्यंत सगळी बैठक एका जागी आलेली असते, म्हणून पदाची पहिली ओळ तशी फुटते. तुम्ही चढण कापली आणि थेट माथ्यावरून सुरुवात केली. मग तो जोर आणायला ड्रम जोरात वाजवावा लागतो, कॅमेऱ्यात बघून लोकांना टाळ्या वाजवायला सांगावं लागतं. जे काम आवाहन करत होतं ते आता तुम्हाला ओरडून करावं लागतंय.

याचा अर्थ पूर्ण आवाहन घेतलंच पाहिजे असा नाही. इथेच मला तुझ्या बँडचं वागणं चुकलेलं दिसतं: काय कापायचं हे तुम्ही पाच जणांनी तालमीच्या खोलीत ठरवलं. ज्याला कापता येतं त्याला विचारलंच नाही. गोंधळी आयुष्यभर हेच करत आलेला असतो. रात्रभराचा गोंधळ यजमानाला घाई असली की दोन तासांत बसवतो, पंगत लांबली की आख्यान ताणतो, माणसं पेंगायला लागली की मध्ये विनोदाची बतावणी घालतो. काय गळलं तरी चालतं आणि काय गळलं की मोडतं, हे त्याच्या हातापायांत बसलेलं असतं. काकांना सरळ विचार: "काका, आम्हाला स्टेजवर सहाच मिनिटं मिळतात. तुम्ही असतात तर काय ठेवलं असतं?" मला वाटतं ते पाच नावं निवडून देतील आणि ती कोणत्या क्रमाने घ्यायची तेही सांगतील. किंवा म्हणतील की हे पद सोडा, आख्यानातलं अमुक पद घ्या, ते सुटं चालतं. दोन्हींत तुमचं गाणं सुधारेल.

एक गोष्ट मात्र तू स्वतःहून काढ, ते काढणार नाहीत. तुमचे काही कार्यक्रम दारू मिळते अशा ठिकाणी होत असतील. तिथे देवांना नाव घेऊन बोलवायचं का? हे ठरवणं काकांकडे सोपव. "चालेल" म्हणाले तर चालेल. आणि संबळ, दिवटी, कवड्यांची माळ या वस्तू स्टेजची सजावट म्हणून मांडू नका. संबळ मांडायचा तो वाजवायला.

आता हक्काचं. इथे ओवी आणि पद यांत मी स्पष्ट फरक करते. ओवी कुणाची उपजीविका नव्हती. ती घराघरातल्या बायकांची होती आणि तू त्या घरातलीच आहेस. काकांचं पद त्यांच्या घराण्याचं पोट आहे. गोंधळी समाज आपल्या राज्यात भटक्या जमातींच्या यादीत आहे. पिढ्यान्‌पिढ्या लग्नामुंजीत गोंधळ घालून मिळणाऱ्या बिदागीवर ही घरं चालली. आता लग्नं हॉलमध्ये होतात, तीन तासांत आटपतात, गोंधळ अनेक घरांत नावापुरता उरला आहे. अशा वेळी त्यांच्याकडून फुकट शिकलेलं पद तुम्ही सुपारी घेऊन वाजवता. कायद्याने बहुधा कुणी अडवणार नाही, पण कायदा एवढंच सांगतो की दार उघडं आहे. आत कसं वागायचं ते तुम्हीच ठरवायचं आहे.

कायद्याचंही थोडं सांगते, कारण "पारंपरिक" या शिक्क्याखाली फार काही दडतं. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाचा आणि संगीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो. ज्याचा कर्ता कुणालाच माहीत नाही अशा पिढीजात पदावर असा हक्क सांगता येत नाही. पण लोकगीत म्हणून सर्रास गायल्या जाणाऱ्या कित्येक रचनांना कर्ता आहे. पठ्ठे बापूराव 1945 साली गेले, त्यांच्या लावण्या आता मोकळ्या आहेत. अण्णाभाऊ साठे 1969 साली गेले, म्हणजे त्यांची छक्कड (लावणीचाच एक प्रकार) 2029 च्या अखेरीपर्यंत मोकळी नाही. वामनदादा कर्डक 2004 साली गेले, म्हणजे त्यांचीही गाणी मोकळी नाहीत. त्यांची गाणी गावोगावी इतकी रुजली आहेत की लोक ती "आमच्याकडची" म्हणून गातात. पुढे नवं गाणं घ्याल तेव्हा "पारंपरिक" लिहिण्याआधी कर्ता शोधा. काकांचं हे पदही त्यांच्या वडिलांनी किंवा आजोबांनी रचलेलं असू शकतं. त्यांना विचारलंयस का? शिवाय सादर करणाऱ्या कलाकाराचाही वेगळा हक्क असतो, तो 50 वर्षं टिकतो. काकांचा किंवा आजीचा आवाज रेकॉर्ड करून लूपमध्ये वापरायचा तर त्यांची संमती लागते, आणि ती दोन ओळी का होईना, लिहून घ्यावी.

कर्ता माहीत नसला तरी मांडणी कुणाची तरी असते, आणि ही गोष्ट कळायला जगातल्या मोठमोठ्या गायकांनाही वेळ लागला आहे. मार्टिन कार्थी नावाच्या इंग्लिश गायकाने "स्कारबरो फेअर" हे जुनं लोकगीत गिटारवर स्वतःच्या पद्धतीने बसवलं होतं. अमेरिकन गायक पॉल सायमन लंडनमध्ये ते त्याच्याकडून शिकला. 1966 साली सायमन आणि गारफंकल या जोडीच्या रेकॉर्डवर ते आलं, जगभर गाजलं, आणि कार्थीचं नाव कुठेच नव्हतं. गाणं पारंपरिकच होतं, चोरी म्हणावी असं काही नव्हतं, तरी ती अढी कित्येक वर्षं राहिली. 2000 साली सायमन आणि कार्थी यांनी लंडनच्या एका कार्यक्रमात ते एकत्र गायलं तेव्हा कुठे ती सुटली. दक्षिण आफ्रिकेच्या सॉलोमन लिंडा या गायकाची कथा तर याहून कडू. त्याने 1939 साली रेकॉर्ड केलेलं "म्बुबे" परदेशात "आफ्रिकेतलं पारंपरिक गाणं" म्हणून पसरलं, त्यावर इतरांनी अमाप पैसा केला, तो स्वतः गरिबीत गेला, आणि त्याच्या मुलींना तडजोडीतून न्याय मिळायला 2006 साल उजाडलं. तुमचा बँड पुण्यातला लहानसा बँड आहे म्हणून हे लागू नाही असं समजू नका. एखादा व्हिडिओ कधी उचलला जाईल सांगता येत नाही, आणि त्या वेळी त्याखाली कुणाची नावं आहेत तेच कायम राहतं.

म्हणून पोस्टरवर, व्हिडिओखाली आणि आयोजकाला देता त्या गाण्यांच्या यादीत लिहायचं ते असं: ओव्या, अमुक आजींकडून, गाव अमुक. पद, अमुक गोंधळी यांच्या परंपरेतून, गाव अमुक. वाद्यमेळ, तुमचा बँड. अर्थात त्यांची नावं छापायला त्यांची हरकत नसेल तर. आणि स्टेजवर गाण्याआधी पाच मिनिटांचं भाषण नको. आजीचं गाव आणि एक ओवी विनावाद्य, एवढं पुष्कळ आहे.

पैशाने काकांना वाईट वाटेल का, असं विचारलंयस. कशाला वाटेल? ते व्यावसायिक कलाकार आहेत, बिदागी घेणं हा त्यांच्या कामाचाच भाग आहे. "काका, तुमच्यासाठी काहीतरी आणलंय" म्हणत पाकीट सरकवलंत तर मात्र वाईट वाटेल, कारण तो धर्मादाय झाला. सरळ बोला: आजवरच्या कार्यक्रमांत हे पद वाजवलं, त्याचे इतके होतात, आणि पुढे प्रत्येक कार्यक्रमामागे इतके. रक्कम तुम्ही सहा जणांनी मिळून ठरवा, सहावे काका. माझं मत विचारशील तर ज्या कार्यक्रमात ते स्वतः उभे राहतील त्यात त्यांचा वाटा तुमच्या प्रत्येकाएवढा असावा, "पाहुणा कलाकार" म्हणून कमी नको. राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी मानधन योजना आहे. त्यासाठी कला सादर केल्याचे पुरावे जोडावे लागतात, आणि गावोगाव गोंधळ घालणाऱ्या माणसाकडे कागद कुठून असणार? तुमच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेवर त्यांचं नाव छापलं, फोटो काढला, आयोजकाचं पत्र घेतलं, तर ते त्यांच्या अर्जाला उपयोगी पडेल. त्यांनी अर्ज केला नसेल तर तो भरून द्यायला तुमच्यापैकी कुणीतरी एक दिवस काढा.

काका स्टेजवर आले तर एवढं सांभाळा. पट्टी त्यांची, तुमची नाही. गिटारला कॅपो (पट्टी बदलणारा चिमटा) लावा, कीबोर्ड हवी त्या पट्टीत जातो, पण साठीच्या माणसाला बँडच्या स्केलमध्ये उतरायला लावलं की त्याच्या आवाजातली फेकच जाते. संबळ वाजत असताना ड्रमसेटमधला स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा ड्रम, बंद, कारण दोन्हींचा कडक आवाज एकाच जागी आपटतो आणि माइकवर स्नेअरच जिंकतो. संबळाच्या दोन्ही तोंडांना वेगळे माइक मागून घ्या. साउंडवाल्याला हे आदल्या दिवशी सांगा, ऐन वेळी तो एकच माइक लावून मोकळा होतो. आणि काकांच्या कानात क्लिक अजिबात घालू नका.

पुढच्या महिन्याच्या कार्यक्रमाबद्दल: ओव्या ठेव, क्लिक काढून आणि आजीने होकार दिलेल्याच. देवीचं पद या वेळी यादीतून काढ. लोक मागतील, मागू देत. तोवर काकांना फोन कर आणि स्टेजवर नाही, आधी तालमीला बोलाव. त्यांच्याबरोबर झील धरणारा त्यांचा माणूस असेल तर त्यालाही. दोघांचं येण्याजाण्याचं भाडं, राहण्याची सोय आणि तालमीच्या दिवसाची बिदागी बँडच्या खात्यातून द्यायची, आणि हे सगळं फोनवर पहिल्याच बोलण्यात सांगायचं. ड्रमरला त्या तालमीला उशिरा यायला देऊ नकोस.

तुझी,
ताई